तिसरी हाक

नववी धार बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर दोन तास चालून तिथं पोचाल आणि म्हणाल, ठकूबाई, एवढं चालवलंत आणि धबधबा बंदच आहे की! बंद नाही तो. चांगलं सात पुरुष उंचीवरून पाणी येतं, पण आवाज करत नाही. पायथ्याला उभं राहून कुजबुजलात तरी शेजारच्याला ऐकू जाईल. वनखात्यानं तिथं पाटी लावली आहे, 'धबधबा क्रमांक नऊ'. आम्ही हिरडेवाडीची माणसं तिला मुकी धार म्हणतो.

मागं एक साहेब येऊन दगड ठोकून बघून गेले. म्हणाले, कातळाला उतार आहे, पाणी त्याला धरून उतरतं, म्हणून आवाज होत नाही. असेल बाई, शिकलेला माणूस. पण कातळ पहिल्यापासून असाच होता का, असं विचारलं तर त्यांनी चहा मागितला.

चला. घाई करायची नाही, ही वाट सावकाश चालायची आहे. दगडांवर शेवाळ आहे, पाय पूर्ण टेकवा. ताई, ती पिशवी माझ्याकडे द्या, तुम्ही काठी धरा. अहो, कॅमेरावाले दादा! ... दादा! ... अहो दादा, तिकडं नका जाऊ, निसरडं आहे! बघा, तिसऱ्या हाकेला वळले. आमच्या वाडीत हे चालत नाही हो. लहान असो, मोठा असो, पहिल्या हाकेला ओ द्यायची. का द्यायची, तेच सांगत सांगत नेते तुम्हाला.

ही पहिली धार, उखळी. खाली दगडाला उखळासारखा खळगा पडला आहे बघा. इथून वर एकामागे एक नऊ धारा, आणि मधे आडवे येणारे ओढे. आज इथं बाकडी आहेत, कठडे आहेत, तिकीट आहे. पूर्वी ही बाग नव्हती. ही माहेराची वाट होती. खाली पळसवाडी, वर हिरडेवाडी. खालच्या लेकी वर द्यायच्या, वरच्या खाली. लग्न होऊन याच वाटेनं रडत जायचं आणि सणाला याच वाटेनं हसत यायचं. मीसुद्धा अशीच आले, डोक्यावर पदर आणि पायात काटा. तेव्हा ही गोष्ट माझ्या सासूनं मला सांगितली, तिला तिच्या सासूनं सांगितली होती. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका.

पळसवाडीत म्हणे राही नावाची मुलगी होती. तिची आई गेली तेव्हा राही नऊ वर्षांची आणि धाकटा धावजी अजून अंगावर पिणारा. बाप रानात राबणारा माणूस. मग राहीनंच त्याला वाढवला. कडेवर घेऊन पाणी भरलं, कडेवर घेऊन दळण केलं. धावजी बोलायला लागला तो 'आई' म्हणालाच नाही, 'अक्का' म्हणाला.

आणि तो चालायला लागल्यावर तिनं त्याला रानाची रीत शिकवली. तेव्हा या दोन्ही वाड्यांत एक नेम होता. रानात चकवा असतो, असं सांगतात. तो आपल्या माणसाच्या आवाजात हाक मारतो. आपण ओ दिली की आपली वाट फिरते, आणि माणूस कड्यावरून जातो. पण चकव्याला म्हणे दोनच हाका येतात. तिसरी त्याच्या गळ्यातून निघत नाही. म्हणून नेम असा, की रानात हाक आली तर गप्प उभं राहायचं, हाका मोजायच्या आणि तिसरी आली तरच ओ द्यायची. राहीनं धावजीला बोटांवर मोजायला शिकवलं ते हेच. तू ऐकशील तर तीन मोज, आणि तू हाक मारशील तर तीनदा मार. पोरगं दिवसभर अंगणातून तीनतीनदा ओरडायचं, अक्का, अक्का, अक्का! आणि ही आतून ओ द्यायची.

ही वाटेत पडलेली हिरवी फळं हिरड्याची. तोंडात घालू नका. घातलंत? आता दिवसभर तोंड तुरट राहील, मला बोल लावू नका.

मोठी झाल्यावर राहीला हिरडेवाडीत दिली. दरवर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी, चौथीला, धावजी तिला न्यायला यायचा. माहेराहून न्यायला येतो त्याला आम्ही मुऱ्हाळी म्हणतो. लेकीबाळी त्याची वाट अशी बघतात की हातातली भाकरी तव्यावर करपते. पळसवाडीच्या आंब्याला धावजी झोका बांधायचा, आणि पंचमीला त्या झोक्यावर पहिली बसायची ती राही.

एका वर्षी तो चौथीला आला नाही. राहीनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. शेजारच्या सगळ्या सुना आपापल्या भावांबरोबर गेल्या. ही दारात बसून राहिली. पंचमीही गेली. तो उगवला सातमीला, चिखलानं माखलेला. म्हैस अडली होती अक्का, म्हणाला, दोन रात्री हललो नाही तिच्यापासून. पण राहीचं मन फार दुखलं होतं. माणूस परक्यावर रागावत नाही हो एवढं. तिनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. म्हणाली, "झोका उतरला ना? मग आता कशाला आलास? जा. आणि पुढल्या वर्षी हाक मारलीस तरी मी ओ द्यायची नाही."

पाणीही न पिता तो माघारी वळला. नऊ धारा चढून आला होता, तशाच नऊ धारा उतरून गेला. तो वळणाआड होईतो राही आत बसली, आणि मग धावत अंगणाच्या कडेला आली. तेव्हा एक हाक मारली असती तर तो ऐकण्याएवढा जवळ होता. तिनं मारली नाही. उद्या निरोप पाठवू म्हणाली. तो उद्या वर्षभर आला नाही.

बसा इथं घटकाभर. ही पाचवी धार, जुळी. दोन पाणी येतात आणि खाली एक होतात. इथं फोटो काढा हवे तेवढे. पुढं गेल्यावर मला कुणी मधे बोललेलं चालणार नाही.

मग दुसरं वर्ष लागलं. श्रावण आला. राही सगळ्यांना सांगत होती म्हणे, की धावजी आला तरी मी जाणार नाही. आणि सांगत होती तेव्हा हात गाठोडं बांधत होते. तिजेच्या दिवशी, म्हणजे पंचमीच्या दोन दिवस आधी, ती आणि तिची सासू कोंडाई कर्टुली काढायला नवव्या धारेच्या वरच्या अंगाला गेल्या. धावजीला कर्टुल्याची भाजी फार आवडायची. सासूला ती म्हणाली, घरात भाजी नाही म्हणून काढते. सासूनं ओळखलं आणि तीही काढू लागली. बरी बाई होती कोंडाई. सासू म्हटलं की वाईटच असं काही नसतं, मीही सासू आहे.

धुकं एवढं होतं की हातातली कर्टुली दिसेनात. नववी धार तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं बोलायची. तिच्याजवळ उभं राहून माणूस माणसाला ओरडून सांगायचा. दिवस कलायला आला होता, आणि त्या आवाजातून खालून हाक आली. "अक्काऽऽ!"

राहीचं तोंड उघडलं. ओ ओठावर आली होती, असं सांगतात. तेवढ्यात कोंडाईनं तिचं मनगट धरलं. "थांब. मोज."

राही म्हणाली, "आत्याबाई, धावजीचा आवाज आहे."

"आज तीज आहे, पोरी. मुऱ्हाळी तिजेला येतो का कधी? धावजी आला तर उद्या येईल. चकवा आपल्याच माणसाचा आवाज घेतो."

कोंडाईलाही दोष कसा देऊ? तिचा थोरला लेक असाच गेला होता. आईच्या आवाजात हाक आली म्हणून पोरगं ओ देत गेलं, आणि दोन दिवसांनी कड्याखाली सापडलं. त्या दिवशी आई घरी भाकऱ्या थापत होती. तिनं सुनेचं मनगट धरलं ते मायेनंच धरलं.

दुसरी हाक आली. "अक्काऽऽ!" पहिलीपेक्षा बारीक.

राहीनं दुसरं बोट मिटलं आणि तिसरं धरून उभी राहिली. डोळे मिटले, श्वास धरला. पान खाऊन होईल एवढा वेळ दोघी तशाच उभ्या होत्या. पाण्याशिवाय दुसरा आवाज आला नाही. मग कोंडाईनं मनगट सोडलं. "दोनच. सुटलीस गं बाई." आणि सुनेच्या तोंडावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. राहीनं म्हणे दोनदा वळून बघितलं. मागं नुसतं धुकं. घरी गेल्यावर मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. शेजारणी म्हणाल्या, धीराची सून आहे, भावाचा आवाज आला तरी नेम मोडला नाही तिनं.

चौथ आली. राही नवं लुगडं नेसून दारात बसली. धावजी आला नाही. पंचमी उजाडली, तरी आला नाही. आता मात्र ती भडकली. सासूला म्हणाली, "मी रागावले तर मनधरणी करायला एकदा तरी यायचं होतं त्यानं. एवढाच का भाऊ!" हे शब्द तिला पुढं जन्मभर आठवले.

पंचमीच्या दुपारी अंगणात तिचा बाप उभा राहिला. म्हातारा धापा टाकत होता. म्हणाला, "पोरी, जेवणं खोळंबली गं. धावजीला ठेवून घेतलास का? अजून रुसलीस का त्याच्यावर?"

राही म्हणाली, "धावजी कुठं आलाय, बाबा?"

"असं काय करतेस? तिजेलाच निघाला तो. म्हणाला, गेल्या वर्षी उशीर झाला, या वर्षी एक दिवस आधीच जातो. अंबाडीचा नवा दोर वळलाय त्यानं तुझ्या झोक्याला. म्हणाला, अक्का आली नाहीच, तर तिच्याच अंगणात झोका बांधून देतो."

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगितल्याशिवाय गोष्ट होत नाही.

नवव्या धारेखाली दगडांवरून ओढा ओलांडायचा असतो. तिथं धावजीचा पाय घसरून दोन दगडांच्या सांदीत अडकला होता. पाणी चढत गेलं. चढलेलं पाणी टाळून त्या दिवसांत सगळे लांबच्या वळशानं जात-येत होते, म्हणून कुणाला दिसलं नाही. त्यानं काय केलं असेल ते त्या दोरावरून कळलं. झोक्याच्या दोराचं एक टोक त्यानं कमरेला बांधलं होतं. दुसरं टोक वरच्या काठावर फेकलं होतं, ते तिथं कारवीच्या झुडपात पडलेलं सापडलं. राही उभी होती तिथून साठ पावलांवर. दोर मजबूत होता. काठावर धरायला माणूस नव्हतं.

हा ओढा जपून. ताई, माझा हात धरा. आणि समोर बघा. आलो आपण.

ऐका आता. येतंय काही ऐकू? एवढं पाणी, आणि नळ गळतो एवढाही आवाज नाही. पण तेव्हा ही गर्जत होती. धावजीचं सगळं झाल्यावर राही येऊन बसली ती या दगडावर. घरी चल म्हटलं तरी हलेना. तिला एकच कोडं पडलं होतं. धावजीला तीन हाकांची रीत तिनंच शिकवली होती. तो दोनच हाका मारून थांबणारा पोरगा नव्हता. मग तिसरी मारण्याआधीच पाणी त्याच्या तोंडावरून गेलं, की तिसरी त्यानं मारली आणि ती या धारेच्या आवाजात बुडाली? ती धारेलाच विचारायची, "मारली का गं त्यानं? तेवढं सांग." धार आपली गर्जतच राहायची.

कोंडाई रोज भाकरी घेऊन यायची आणि तशीच परत न्यायची. एक दिवस ती सुनेच्या पायाशी बसली. म्हणाली, "माझ्यामुळं झालं गं. मी धरलं तुझं मनगट." राही म्हणाली, "मनगट तुम्ही धरलंत, आत्याबाई. तोंड तर माझं मोकळं होतं."

मग राहीनं नेम धरला. धारेला म्हणाली, तुझ्या बडबडीत माझ्या भावाची हाक गेली. तू गप्प होईपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. असे आठ दिवस गेले म्हणे. नवव्या दिवशी सकाळी कोंडाई भाकरी घेऊन आली तर वाटेतच थबकली. तिला वाटलं, आपले कान गेले. पाणी तेवढंच होतं, पण कातळ सोडून उडी घेत नव्हतं. कातळाला धरून, भांड्याच्या बाहेरून दूध ओघळावं तसं खाली येत होतं. रानातले पक्षी ऐकू येत होते.

राही ताठ बसून कान देऊन होती. सकाळपासून दुपारपर्यंत तिनं ऐकलं. काही आलं नाही. येणार काय? मारणारा गेला होता. मग ती हसली म्हणे, आणि धारेला म्हणाली, "आता गप्प झालीस. आता काय ऐकू मी?"

आणि मग तिनं ओ दिली. खच्चून, छाती फुटेल अशी. "ओऽऽ धावजीऽऽ!" वाडीतल्या कामं करत्या बायकांचे हात थांबले.

राही पुढं खूप वर्षं जगली. लेकरं झाली, नातवंडं झाली. माहेरी मात्र पुन्हा गेली नाही, झोक्यावर बसली नाही. रोज कलत्या दिवसाला इथं यायची, एक ओ द्यायची आणि घरी जायची. म्हातारपणी तिला नातसुनेनं विचारलं, आजी, एवढी वर्षं कसलं दुःख करता, माणसं काय जात नाहीत का? तर म्हणाली, तो गेला ते देवाच्या हातातलं. पण मी त्याला म्हटलं होतं ना, हाक मारलीस तरी ओ द्यायची नाही. तिथं पाण्यात उभं राहून त्याला वाटलं असेल, अक्का वरतीच आहे, ऐकतेय, आणि अजून रुसलेली आहे. तेवढं एक मला सोसत नाही.

 

तीन हाकांचा नेम वाडीतून काढला तो कोंडाईनं. पंचांना बोलावून तिनं सांगितलं, चकव्यानं न्यायचं त्याला खुशाल न्यावं, पण या वाडीत कुणाची पहिली हाक फुकट जाता कामा नये. तेव्हापासून आम्ही पहिल्याच हाकेला ओ देतो. एखाद्याला चकवा लागलाही असेल, नाही म्हणत नाही. माझा नवरा तर बाजाराला गेला की हमखास रस्ता चुकायचा, पण त्याचं कारण वेगळं होतं.

आजही हिरडेवाडीचं माणूस या दगडापाशी आलं की थांबतं आणि एक ओ देतं. कुणी हाक मारलेली नसते, तरी देतं. पंचमीला झोका बांधायच्या आधी बायका इथं येतात, दोराचं एक टोक पाण्यात सोडतात, दुसरं सगळ्याजणी मिळून घट्ट धरतात, आणि ओ देतात. पाहुण्यांनाही मी सांगते, द्यायची असेल तर द्या. सुरुवातीला हसतात. मग एकेकाला कुणीतरी आठवतं. गेल्या महिन्यात एक चांगले मिशीवाले गृहस्थ अर्धा तास या दगडावर बसले होते.

मी रोज देते. मला धाकटी बहीण होती, सुभी. बोलणं टाकलं होतं आम्ही. कशावरून, ते आता सांगायलाही लाज वाटते. तिचा निरोप दोनदा आला होता. मी तिसऱ्याची वाट बघत बसले. ही गोष्ट मला तोंडपाठ होती, तरी बसले.

चला, आवाज फुटेतो ओ द्या. दादा, कॅमेरा राहू द्या खाली. घ्या हवा तेवढा वेळ, परतीची घाई नाही.

ओऽऽ सुभेऽऽ!